'दात येतायत' म्हणण्याआधी

घरात तीन-साडेतीन महिन्यांचं पिल्लू असेल आणि त्याच्याबद्दल कुठलीही तक्रार तुम्ही चारचौघांत काढलीत, तर उत्तर ठरलेलं असतं: "दात येतायत त्याचे." सोफ्याचा कोपरा कुरतडला, दात येतायत. मुलीच्या पोटरीला लटकलं, दात येतायत. दोन दिवस पातळ शी होतेय आणि जेवणाकडे बघत नाही, तरी दातच येतायत. तान्ह्या मुलांच्या बाबतीतही आपल्याकडे हीच रीत आहे; जुलाब, ताप, किरकिर, सगळं दातांच्या खात्यावर जमा. उत्तर निम्मं बरोबर असतं, आणि धोका तिथेच आहे. दात बदलताना पिल्लाला त्रास होतो हे खरं, आणि घरातल्या साध्या वस्तूंनी तो बराच कमी करता येतो हेही खरं. पण त्याच दोन-तीन महिन्यांत पिल्लाच्या शरीरात आणि डोक्यात आणखीही पुष्कळ काही चालू असतं. त्यातल्या एखाद्या गोष्टीपुढे दात म्हणजे काहीच नव्हेत.

म्हणून आधी तोंडात नेमकं काय घडतं ते बघू.

पिल्लू जन्मतं ते बोळकं घेऊनच. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात डोकावू लागतात आणि दोन महिन्यांचं होईतो सगळे 28 आलेले असतात: पुढचे बारीक 12, सुळे 4 आणि उपदाढा 12. खऱ्या दाढा दुधाच्या दातांत नसतातच. आपल्याकडे बहुतेक पिल्लं घरी येतात ती याच सुमारास किंवा त्याआधी. म्हणजे दोन महिने पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ते जे तुमचे हात, पायजम्याची नाडी आणि पायपुसणं चावतं, त्या वेळी त्याचा एकही दात येत नसतो आणि एकही पडत नसतो. ते चावतं कारण त्याला हात नाहीत. जग चाचपून बघायला त्याच्याकडे तोंडच आहे, आणि खेळायचं कसं हे भावंडांकडून ते जेवढं शिकलं तेवढंच त्याला येतं.

खरी अदलाबदल सुरू होते ती साडेतीन-चार महिन्यांच्या आसपास. आधी पुढचे दात पडतात, मग उपदाढा आणि सुळे, आणि सर्वांत शेवटी मागच्या दाढा नव्याने येतात. सात महिन्यांपर्यंत पक्क्या दातांचा संच पूर्ण व्हायला हवा: वर 20, खाली 22, एकूण 42. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, कारवान यांसारख्या मोठ्या जातींत हे थोडं लवकर उरकतं; पॉमेरेनियन, शित्झू यांच्यासारखी लहानखुरी मंडळी रेंगाळतात.

पक्का दात खालून वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. मूळ गेलं की दात हलतो आणि वरचा टोपीसारखा भाग तेवढा पडतो. म्हणून घरात कधी असा दात सापडलाच तर तो तांदळाच्या दाण्याएवढा आणि आतून पोकळ असतो. बहुतेक दात सापडत नाहीत, कारण पिल्लू ते जेवणाबरोबर गिळून टाकतं. त्याने काही बिघडत नाही.

या काळात दातांमुळे म्हणून जे होतं ते एवढंच: हिरड्या लाल आणि जरा सुजलेल्या दिसतात, खेळण्यावर गुलाबीसर डाग पडतो, लाळ वाढते, तोंडाला लोखंडासारखा वास येतो, पिल्लू एका बाजूने चावतं किंवा कडक दाणे वाडग्यात ठेवून उठतं. एखादा दिवस खाणं थोडं कमी होतं. जर्मन शेफर्डच्या पिल्लाचे उभे राहिलेले कान या दिवसांत पुन्हा पडतात, कधी एकच पडतो. घाबरून कानाला पट्ट्या लावत बसू नका, बहुतेक वेळा दात पुरते आल्यावर ते आपोआप उभे राहतात. चावणं वाढतं ते तर सांगायला नकोच.

उलट्या, जुलाब, शीत रक्त, ताप, सुस्ती, पाण्यालाही तोंड न लावणं, खोकला, डोळ्यांतून चिकट पाणी यातलं काहीही दातांमुळे होत नाही. हे वाक्य फ्रिजवर लिहून चिकटवा. दीड ते सहा महिने हेच पार्व्हो या विषाणूच्या आजाराचंही वय आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती या काळात ओसरत जाते, लसींचे डोस अजून पूर्ण झालेले नसतात आणि मधल्या फटीत विषाणू शिरतो. ज्याला आपण नुसतं 'गॅस्ट्रो झालाय' म्हणतो तो पुष्कळदा पार्व्हो असतो: आधी मरगळ, मग उलट्या, मग अतिशय घाण वासाचे रक्ताचे जुलाब. अशा वेळी पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. "दात येतायत, उद्यापर्यंत बघू" या एका वाक्यात तो पहिला दिवस जातो, आणि सलाईन वेळेत लागणं न लागणं त्या दिवसावर असतं. डिस्टेंपर या दुसऱ्या आजाराचीही सुरुवात अशीच मोघम असते. आणि या वयातली साधी पातळ शी बऱ्याचदा जंतांमुळे असते. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते आधी आठवा.

दातांच्या खात्यावर आणखी एक गोष्ट खपते: कॅल्शियम. दात येतायत म्हणून कॅल्शियमचं सिरप हा आपल्याकडे जवळजवळ संस्कार झाला आहे. दुकानदार सुचवतो, शेजारी सुचवतात आणि घरात बाटली येते. पक्के दात हिरडीच्या आत जबड्यात आधीच तयार होत आलेले असतात. बाटलीने ते लवकरही येत नाहीत आणि मजबूतही होत नाहीत. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य चालू असेल तर त्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून जास्तीचं दिलं तर उलट वाढत्या हाडांत दोष निर्माण होतात, कारण लहान वयात जादा कॅल्शियम बाहेर ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात पुरेशी नसते. नुसता दूधभात किंवा दूधपोळी खाणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याचा आहारच अपुरा आहे, आणि तो दुरुस्त कसा करायचा हे पशुवैद्याला विचारून ठरवा.

आता मुख्य मुद्दा: चघळायला काय द्यायचं. चघळू न देणं हा पर्यायच नाही. हिरडीवर दाब आला की ठणका कमी होतो आणि गारव्याने सूज उतरते. सगळे उपाय या दोन गोष्टींभोवती फिरतात.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे जुना सुती पंचा. तो पाण्यात भिजवायचा, पिळायचा, पीळ देऊन मध्ये एक-दोन गाठी मारायच्या आणि दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायचा. कडक पण दाबला जाणारा, गार आणि कुरतडताना दातांत अडकल्यासारखा वाटणारा असा तो होतो. पिल्लाला नेमकं हेच हवं असतं. पाण्याऐवजी चिकन उकडलेल्या पाण्यात भिजवला तर जास्त रमतं, फक्त त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेलेसुद्धा. असे दोन-तीन पंचे ठेवलेत तर एक धुण्यात, एक फ्रीझरमध्ये आणि एक तोंडात असा फेरा चालू राहतो. पंचा नेहमी समोर बसूनच द्यायचा. दशा निघायला लागल्या की तो बाद. लांब धागा पोटात गेला तर आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, आणि त्यावर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो.

गाजर हा दुसरा सोपा मार्ग. सोललेलं, जाड, अख्खं गाजर गार करून द्या. तुकडे करून देऊ नका. घशात अडकतात ते तुकडेच. चावून चावून बोटाएवढं उरलं की काढून घ्या. लॅब्रॅडॉर ठेवणाऱ्यांनी तर बोटाएवढं होण्याचीही वाट बघू नये, कारण त्या जातीला चावणं आणि गिळणं यांत फारसा फरक करता येत नाही.

रबराचं आतून पोकळ खेळणं मिळतं, त्याच्यावर मात्र पैसे खर्च करा. त्यात बिनसाखरेचं दही, उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा केळं भरा आणि गोठवा. पिल्लू पाऊण तास एका जागी बसतं. ज्याला घरून काम करायचं आहे त्याला या पाऊण तासाची किंमत कळेल. शेंगदाण्याचं बटर भरणार असाल तर डब्यावरचा मजकूर वाचा. त्यात झायलिटॉल नावाची गोडी असेल तर ते कुत्र्याला विष आहे, अगदी थोडंसुद्धा. जेवणाचं म्हणाल तर कडक दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, किंवा ज्या दिवशी हिरड्या फार सुजल्या आहेत त्या दिवशी बिनमिठाचा गार दहीभात दोन घास द्या. तो पूर्ण आहार नव्हे, एका दिवसाची सोय आहे.

वाळलेल्या भाकरीचा तुकडा घरोघर दिला जातो. त्यात वाईट काही नाही, पण तो गार नसतो आणि दोन मिनिटांत संपतो. करमणूक म्हणून ठीक.

काय देऊ नये याची यादी दुर्दैवाने आपल्या स्वयंपाकघराशी जास्त जुळते. रविवारच्या मटणाची नळी आणि कोंबडीची हाडं पहिल्या नंबरावर. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या सुया होतात आणि त्या घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुततात. आंब्याच्या दिवसांत कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, या दोन वस्तू पिल्लू चघळत चघळत गिळतं आणि त्या आतड्यात बूच मारल्यासारख्या बसतात. दोन्हींचा वास पिल्लाला कचऱ्याच्या डब्यातूनही बोलावतो, तेव्हा या मोसमांत डब्याला झाकण हवं, आणि ते नाकाने उघडणारं नको. दुकानात हाडाच्या आकाराच्या चामड्याच्या गाठी मिळतात, त्याही मला पसंत नाहीत. ओल्या झाल्या की मोठा लिबलिबीत तुकडा सुटतो आणि घशात अडकतो. शिंगं, खूर, याकच्या दुधाची दगडासारखी छुरपी या वस्तू 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जातात. असतील नैसर्गिक, पण दात त्यांच्यापुढे हरतात. मोठ्या बर्फाच्या खड्यांचंही तेच.

कडकपणा तपासायची सोपी युक्ती आहे. अंगठ्याचं नख वस्तूत दाबून बघा; जराही खळगा पडत नसेल तर ती पिल्लाच्या तोंडात नको. किंवा ती स्वतःच्या गुडघ्यावर मारायचा विचार करून बघा. नुसत्या विचारानेच पाय मागे घ्यावासा वाटला तर उत्तर मिळालं. दुधाचा दात तुटला तर "नाहीतरी पडणारच होता" म्हणून सोडून देऊ नका. तुटलेल्या दातातून जंतू मुळाशी जातात आणि तिथेच वर यायच्या तयारीत असलेल्या पक्क्या दाताला इजा करतात. डॉक्टरांना दाखवा.

औषधांच्या बाबतीत तर हात बांधूनच ठेवा. तान्ह्या मुलांच्या हिरड्यांना चोळायची बधिर करणारी जेलं, लवंगेचं तेल, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही पिल्लाला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक आहेत, लवंगेचं तेल आधीच सुजलेल्या हिरडीला चटका देतं, आणि बधिर करणाऱ्या जेलांतल्या बेन्झोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. दात बदलण्याचं दुखणं सहसा औषध लागावं इतकं नसतंच. एखादं पिल्लू खरोखर विव्हळत असेल तर आत काहीतरी वेगळं आहे असं समजून डॉक्टर गाठा.

आता घर. पिल्लाला रागावण्याच्या आधी एकदा जमिनीवर बसा आणि त्याच्या उंचीवरून खोली बघा. लॅपटॉपच्या चार्जरची लोंबती वायर, टीपॉयखाली गेलेली गोळ्यांची पट्टी, कपाटाच्या फटीतून घरंगळलेली डांबराची गोळी, देवघराशेजारी तेलाच्या वाती. वायर सर्वांत आधी. तिचा झटका तोंड भाजतो आणि जीवही घेतो. गॅलरीतल्या कुंड्यांचाही विचार करा. मनी प्लांट आणि डिफेनबेकियाची पानं चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जीवावर बेतणं विरळा. कण्हेर, बिट्टी आणि सायकस मात्र पिल्लाच्या घरात नसावीतच. पहिल्या दोन हृदय बंद पाडू शकतात आणि सायकस यकृत निकामी करतो.

चपलांचं काय? चपला आत ठेवा, याहून मोठं शास्त्र त्यात नाही. "जुनी चप्पल दिलीय त्याला खेळायला" असं सांगणारे बरेच भेटतात. जुनी आणि नवी हा भेद तुमचा आहे. पिल्लाच्या लेखी दोन्हींना चामड्याचा आणि तुमच्या पायाचा वास आहे, आणि कोल्हापुरी तर त्याच्या दृष्टीने पक्वान्नच. जुना मोजा, फाटकी उशी, बिघडलेला रिमोट यांनाही हाच न्याय. खेळणं हे घरातल्या कुठल्याही वस्तूसारखं दिसता कामा नये.

तोंडात नको ते सापडलंच तर मागे धावू नका. धावलात की तो त्याच्यासाठी दिवसातला सर्वांत मजेचा खेळ होतो. हिसकावून घेतलंत तर ते दुसरी गोष्ट शिकतं: माणूस दिसला की पटकन गिळायचं, किंवा गुरगुरायचं. त्याऐवजी अदलाबदल करा. चिकनचा तुकडा नाकासमोर धरा, तोंड उघडलं की "दे" म्हणा, तुकडा द्या आणि वस्तू उचला. रोज दोन-चार वेळा बिनमहत्त्वाच्या वस्तूंवर ही कवायत झाली की खऱ्या अडचणीच्या वेळी कामाला येते. कडू फवारे बाजारात मिळतात. काही पिल्लांवर चालतात, काही ते मिटक्या मारत चाटतात. तिखट लावू नका. ते डोळ्यांत जातं आणि पिल्लू फक्त तुम्हाला भ्यायला शिकतं.

चाव्यांचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घरात रडारड होते ती यावरूनच. भावंडांबरोबर खेळताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून जातं. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे त्यातून कळतं. सहाव्या-सातव्या आठवड्यातलं हे शिक्षण फार मोलाचं. म्हणूनच 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला बंदी आहे. प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात आणि "लहान आणलं की लळा लागतो" हेही वर ऐकवलं जातं. लळा दोन महिन्यांच्या पिल्लालाही लागतो. फार लवकर तुटलेलं पिल्लू मात्र जास्त जोरात चावतं, आणि हे शिकवण्याचं काम तुमच्या अंगावर पडतं.

ते असं करायचं. दात कातडीला जोरात लागला की हात झटकायचा नाही. हलता हात म्हणजे सावज. हात सैल सोडायचा, "आई गं" किंवा जे काही म्हणाल ते शांतपणे म्हणायचं, आणि त्याच क्षणी तोंडापुढे पंचा किंवा खेळणं धरायचं. खेळणं तोंडात घेतलं की कौतुक करा. पुन्हा हाताकडेच वळलं तर उठून अर्ध्या मिनिटासाठी दाराआड जा. काही पुस्तकं पिल्लासारखं किंचाळायला सांगतात. बऱ्याच पिल्लांना त्याने आणखी चेव येतो, तेव्हा आपल्या पिल्लाचं बघून ठरवा. घरातल्या सगळ्यांनी एकच वागायला हवं हे मात्र नक्की. बाबा हाताने कुस्ती खेळणार आणि आजीच्या पदराला तोंड लावलं की पिल्लू मार खाणार, यातून ते काय शिकेल?

तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी, वर्तमानपत्राची सुरळी हे सगळं सोडून द्या. तोंड आधीच दुखतंय, त्यात तुमचा हात त्या तोंडाशी आला की दुखतं असं त्याच्या मनात बसलं, तर पुढे दहा वर्षं त्याचे दात घासणं आणि गोळी घालणं हे युद्ध होऊन बसेल.

आणि झोप. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपायला हवं. आपल्या घरांत ते होत नाही. शाळेतून मुलं येतात, शेजारची मुलं बघायला येतात, पाहुणे येतात, आणि पिल्लू प्रत्येकासाठी उठतं. मग दिवेलागणीला त्याच्या अंगात येतं: कान मागे, डोळे मोठे, घरभर धाव आणि दिसेल त्या पोटरीचा चावा. याला दात कारण नसतात, ते दमलेलं असतं. तास-दीड तास जागं राहिलं की त्याला पिंजऱ्यात किंवा शांत खोलीत गोठवलेलं खेळणं देऊन ठेवा, दिवा बंद करा. पाच मिनिटं कुरकुरेल आणि झोपेल. माझा अनुभव असा की ज्या घरांत या काळातल्या चावण्याची सर्वांत जास्त तक्रार असते, त्यातल्या बऱ्याच घरांत पिल्लाला दुपारी झोपायला जागाच नसते.

घरात लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर त्यांना आणि पिल्लाला एकत्र एकटं सोडू नका. मुलांना एवढंच शिकवा की पिल्लू अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना दुधाच्या दाताचा छोटा चिरासुद्धा बराच वेळ वाहतो.

चावा आणि रक्त यांवरून एक अत्यंत गंभीर गोष्ट. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे त्याच्या चावऱ्या काळाचा सुरुवातीचा भाग लसीआधीचा असतो. "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज?" असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. पिल्लांनाही रेबीज होतो. रस्त्यावरून उचललेलं, आई कोण हे माहीत नसलेलं किंवा दुसऱ्या प्राण्याने चावलेलं पिल्लू असेल तर विशेष सावध राहा. दाताने कातडी फाटली, मग रक्ताचा ठिपका का असेना, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पिल्लाचं वय, लस, ते कुठून आणलं हे सगळं सांगा. इंजेक्शनं घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी जुन्या झाल्या. आता लस दंडाला देतात, आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही. जे आहे ते त्याआधी.

या सगळ्या महिन्यांत आठवड्यातून एकदा तोंडात डोकावा. जबडा फाकवायची गरज नाही. पिल्लू पेंगुळलेलं असताना एका हाताने ओठ वर उचलायचा, पाच सेकंद बघायचं आणि खाऊ द्यायचा. बघायचं एकच: एका जागी दोन दात तर दिसत नाहीत ना? पक्का दात वर आला आणि दुधाचा शेजारी तसाच घट्ट उभा राहिला, असं पॉमेरेनियन, शित्झू, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, चिवावा या लहान जातींत बऱ्याचदा होतं, आणि जास्त करून सुळ्यांचं होतं. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढून येतो, खालचा आतल्या बाजूने. खालचा दुधाचा सुळा हटला नाही तर पक्का सुळा आतच राहतो आणि तोंड मिटताना टाळूत रुततो. शिवाय दोन दातांच्या फटीत अन्न आणि केस अडकून हिरडी कुजते. पक्का दात दिसू लागूनही दुधाचा हलत नसेल तर पशुवैद्याला लगेच दाखवा. "नसबंदीच्या वेळी बघू" म्हणून वर्षभर थांबण्यात नुकसान आहे, कारण तोवर पक्का दात वाकडा होऊन बसतो. नसबंदी सहा-सात महिन्यांनाच ठरली असेल तर दोन्ही एका भुलीत उरकता येतं. घरी दोरा बांधून किंवा चिमट्याने ओढण्याच्या फंदात पडू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, तुटून आत राहिलं तर नवा उपद्रव.

सात महिन्यांनी एकदा डॉक्टरांकडून सगळे दात मोजून घ्या. पग, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या जातींत एखादा कमी भरला तर तो नाहीच असं धरून चालू नका. कधी तो हिरडीखाली आडवा पडलेला असतो आणि त्याच्याभोवती पाण्याची गाठ धरून जबडा आतून पोखरला जातो; एक्स-रेने ते कळतं. दातांवर पिवळे-तपकिरी खड्डे दिसले तर तेही विचारा. लहानपणी झालेल्या डिस्टेंपरची ती खूण असू शकते.

ब्रशची सवय हिरड्या शांत झाल्यावर लावा. आधी बोटावर ओलं फडकं गुंडाळून, मग मऊ ब्रशने, बाहेरच्या बाजूने. पेस्ट कुत्र्यांसाठीची वेगळी मिळते, तीच वापरा. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं आणि कुत्र्याला चूळ भरता येत नाही.

सात महिन्यांनी कुरतडणं एकदम थांबेल अशी आशा मात्र ठेवू नका. आठ महिने ते वर्ष-दीड वर्ष या काळात, विशेषतः लॅब्रॅडॉर आणि इतर मोठ्या जातींत, पुन्हा एक लाट येते. तेव्हा कारण दात नसतात. अंगात मावेनाशी ताकद आणि रिकामा वेळ असतो. त्यावर उपाय म्हणजे सकाळ-संध्याकाळ खरंखुरं चालणं आणि वास घेत हुंगायला मोकळा वेळ. चघळायला देणं चालूच ठेवा, पण पिल्लूपणीची छोटी खेळणी गोळा करून टाकून द्या. आता त्याच्या जबड्यात सगळा जोर आला आहे, आणि चार महिन्यांच्या पिल्लाला जे तोंडात मावत नव्हतं ते वर्षाच्या कुत्र्याच्या घशात थेट उतरतं.